इंजिन श्वास कुठून घेते?

ऑगस्ट २०१९ मधला महापूर ओसरल्यावर आम्ही कुरुंदवाडला गेलो होतो. पंचगंगेच्या एका काठाला कुरुंदवाड, दुसऱ्या काठाला नृसिंहवाडी आणि जवळच कृष्णा-पंचगंगेचा संगम. पूर या गावाला नवा नाही. वाडीच्या देवळात पाणी चढले की दक्षिणद्वाराची पर्वणी साधायला लोक गर्दी करतात, इतके ते अंगवळणी पडलेले आहे. मात्र २००५ चा पूर, २०१९ चा आणि नंतर आलेला २०२१ चा, हे पर्वणीचे पूर नव्हते. पाणी घरांत शिरले, दिवसचे दिवस राहिले आणि जाताना सगळ्यावर गाळाचा थर ठेवून गेले.

एका गॅरेजपुढे गाळाने माखलेल्या मोटारींची रांग लागली होती. मालक मंडळी घायकुतीला आलेली. मिस्त्री मात्र शांतपणे एकेका गाडीपाशी जात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, “सेल्फ मारला न्हाई न्हवं?” ‘एकदाच मारून बघितला’ असे कोणी म्हणाले की त्याच्याकडे क्षणभर बघत आणि काही न बोलता पुढे सरकत. बॅटरीची वायर सोडवली की त्यांचा हात जाई तो पेट्रोलच्या नळीकडे नव्हे, तर एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याकडे. डब्याच्या क्लिपा काढल्या की आत घड्याघड्यांची कागदी गाळणी. ती कोरडी निघाली तर मिस्त्रींचा चेहरा खुले. ओली आणि चिखलाने जड झालेली निघाली, की ती गाडी रांगेतून बाजूला.

मोटार कशावर चालते, असे वर्गात विचारले तर मुले सांगतात पेट्रोलवर, डिझेलवर, गॅसवर, आता विजेवर. हवेवर असे कोणी सांगत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. इंजिनाचे चार आघात शिकवताना पहिल्या आघातात हवा आणि इंधन आत येते एवढे सांगून आपण पुढच्या आघाताकडे वळतो, कारण स्फोट तिकडे आहे आणि गंमतही तिकडेच आहे. त्या गॅरेजपुढे उभे राहिल्यावर आम्हाला वाटले, इंजिनाच्या इतिहासातली निम्मी कथा या हवेच्या वाटेवरच घडली आहे. ती सांगायला हवी.

आधी थोडा हिशेब करू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे एका लिटरला जवळजवळ ११ किलो हवा. आकारमानात सांगायचे तर सुमारे ९,००० लिटर. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एखादी कोठी डोळ्यांपुढे आणा. त्या कोठीतली सगळी हवा एका लिटरमागे इंजिनाच्या पोटात जाते. चाळीस लिटरची टाकी भरताना आपण पैसे मोजतो ते तीस किलो पेट्रोलचे. त्याच्या जोडीला इंजिन सव्वाचारशे किलोंहून जास्त हवा फुकट ओढून घेते. फुकट आहे म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही.

या हवेबरोबर जे येईल तेही आत जाते. समजा, रस्त्यावरच्या एक घनमीटर हवेत फक्त १० मिलिग्रॅम धूळ आहे. मग शंभर लिटर पेट्रोल जाळेपर्यंत नऊ ग्रॅम धूळ, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे, इंजिनाच्या तोंडाशी आलेली असते. पुढच्या ट्रकच्या मागे मातीच्या रस्त्यावरून जाताना हे प्रमाण कितीतरी पट वाढते. ही धूळ सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यामधल्या तेलात मिसळली की काय तयार होते? व्हॉल्व्ह घासण्यासाठी मिस्त्री जी पेस्ट वापरतात, तीच. सगळ्यांत घातक कण ५ ते २० मायक्रॉनचे, कारण तेलाच्या पातळ थराची जाडी साधारण तेवढ्यातच येते. त्याहून मोठे कण त्या फटीत सहजी शिरत नाहीत आणि अगदी बारीक कण तेलाबरोबर वाहून जातात.

कठिणतेच्या मोजपट्टीवर गारेचा क्रमांक ७, फेल्डस्पारचा ६ आणि साध्या पोलादी चाकूचा साडेपाचच्या आसपास. सिलिंडरचे बीड त्याहूनही मऊ. आमच्या भागातला काळा पाषाण झिजून झालेल्या धुळीत गार कमी असते, हे खरे. पण फेल्डस्पारचे कण आणि खडी फोडताना उडणारी भुकटी बिडाला पुरून उरते.

हुक्क्यासारखी गाळणी

गंमत अशी, की सुरुवातीच्या इंजिनांना गाळणी नव्हतीच. निकोलाउस ऑटोचे १८७६ चे चार आघातांचे इंजिन कारखान्याच्या छपराखाली एका जागी उभे असे आणि कोळशापासून काढलेल्या गॅसवर चाले. आतली हवा बऱ्यापैकी स्वच्छ. इंजिन मोटारीवर चढून मातीच्या रस्त्यावर आले तेव्हा अडचण सुरू झाली, पण ती लगेच कोणाच्या ध्यानात आली नाही. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी विकली गेली. ती कारखान्यातून हवेच्या गाळणीविनाच बाहेर पडे. इंजिन लवकर झिजे. लोक सिलिंडर पुन्हा कातून घेत, मोठ्या मापाचा दट्ट्या बसवत आणि मोटार म्हटली की हे आलेच असे समजून चालत.

डोळे उघडले ते शेताने. नांगर ओढणारा ट्रॅक्टर दिवसभर आपणच उडवलेल्या धुळीत फिरतो. फोर्डच्याच ‘फोर्डसन’ ट्रॅक्टरला, जो १९१७ मध्ये बाजारात आला, हवा धुऊन घेण्यासाठी पाण्याचे भांडे होते. हवा पाण्यातून बुडबुडत इंजिनात जाई. हुक्का ओढताना धूर जातो तशीच. कल्पना चांगली, पण उन्हाळ्यात पाणी उडून जायचे आणि थंड मुलखात गोठायचे. शिवाय बुडबुड्याच्या मधोमध असलेला कण पाण्याला न शिवताच पार होतो. हे शेवटचे वर्गात सहज पटवता येते. काचेच्या बाटलीत पाणी घ्या, नळीने त्यातून उदबत्तीचा धूर सोडा. धुराचा बराचसा भाग बुडबुड्यांतून सुखरूप वर येतो.

पाण्याच्या जागी तेल आले तेव्हा कुठे मार्ग सापडला. यात हवा तेलातून बुडबुडत नाही. ती वेगाने खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाशी एकदम उलटी वळते आणि तारेच्या गुंतवळ्यातून वर चढते. हवा हलकी, ती वळते. धुळीचे कण जड, त्यांना जडत्वामुळे वळणे जमत नाही आणि ते सरळ तेलात आदळतात. जे निसटतात ते तेलाने ओल्या झालेल्या तारांना चिकटतात. वळणावर बस एकदम फिरली की उभे प्रवासी सरळ पुढे फेकले जातात, तोच नियम. न्यूटनचा पहिला नियम शिकवायला याहून घरचे उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

कृष्णाकाठची बरीच माणसे ही तेलाची गाळणी ओळखतात, पण मोटारीमुळे नव्हे. ती ओळखतात पाण्याच्या इंजिनामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला तो नांगर घडवण्यासाठी. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल इंजिन बनवले, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना सुरू झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत मोटेच्या जागी इंजिन आले. विहिरीवर, नदीच्या काठावर, मळ्यातल्या छपराखाली त्याची धडधड ऐकू येऊ लागली. कोल्हापूर भागात ते आणखी एका ठिकाणी बसले: गुऱ्हाळावर, उसाचा चरक फिरवायला.

इंजिनाच्या श्वासाला गुऱ्हाळाइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही. एका बाजूला चरकातून निघालेली चिपाडे वाळत पडलेली, त्यांचा भुसा वाऱ्यावर. दुसऱ्या बाजूला चुलवाण, त्याची राख उडतेय. बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची ये-जा, तिचा फुफाटा. अशा ठिकाणी गाळणीतले तेल आठवड्यालाही बदलावे लागे. जाणता इंजिनवाला गाळणीचे वाडगे उघडे, वरचे तेल ओतून देई, तळाला बसलेला चिखल बोटाने खरवडून काढी, वाडगे रॉकेलने पुसून पुन्हा खुणेपर्यंत तेल भरी. आळशी माणूस वरून नुसते तेल ओतून मोकळा होई.

वरून ओतण्यात दुहेरी तोटा होता. तळाचा चिखल वाढत गेला की तेलाला जागा उरत नाही. आणि तेल खुणेच्या वर गेले की हवेबरोबर तेच इंजिनात ओढले जाते. डिझेल इंजिनाला तेल हे इंधनच. मग पंपाने डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग घेत सुटते. अशा पिसाळलेल्या इंजिनाला थांबवण्याचा एकच उपाय, हवेचे तोंड बंद करणे. तेही फळीने किंवा जाड पोत्याच्या घड्यांनी, हाताने कधीच नाही. हवा तोडली की इंजिन थांबते.

कोळशावरची सर्व्हिस मोटार

आता थोडे मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाऊ. हवेच्या वाटेत माणसाने केलेला सर्वांत मोठा फेरफार त्या वर्षांत झाला, आणि तो कोणा हौशी माणसाने नव्हे, तर पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांनी केला.

भारतात १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. एस.टी. तेव्हा नव्हती, तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याआधी गावोगाव खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ चालत. मुंबई इलाख्यात आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी मुलखात हीच सोय होती. कुरुंदवाड त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. पेट्रोल आटले तसे गाडीवाल्यांपुढे दोनच मार्ग उरले: गाडी छपराखाली उभी करणे, किंवा तिला कोळशावर आणणे.

ते कसे होत असे? गाडीच्या पाठीमागे माणसाएवढ्या उंचीची लोखंडी टाकी बसवत. तिच्यात लोणारी कोळसा भरायचा आणि खालून पेटवायचा. हवा मात्र बेताची द्यायची. निखाऱ्याशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लाल कोळशातून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हा वायू जळतो. कोळशातल्या ओलीमुळे थोडा हायड्रोजनही मिळतो. हा गॅस नळीने पुढे आणायचा, थंड करायचा, गाळायचा आणि इंजिनात जाणाऱ्या हवेत निम्म्यास निम्मा मिसळायचा. म्हणजे पेट्रोल ज्या वाटेने थेंबाथेंबाने हवेत मिसळे, तीच वाट मोठी करून तिथे एक वायू जोडून दिला. इंजिन तेच, श्वास निराळा.

सकाळी गाडी सुरू करणे हा एक सोहळाच असे. क्लीनर टाकीपाशी उभा राहून पंखा हाताने फिरवत राही, लोहार भाता मारतो तसा. दहा-पंधरा मिनिटांनी तपासणीच्या तोटीपाशी काडी लावायची. ज्योत धरून राहिली की गॅस तयार. मग ड्रायव्हर हवेचा दांडा हातात घेई. पेट्रोलवर हवा आणि इंधन यांचे प्रमाण कार्ब्युरेटर आपोआप सांभाळतो; कोळशाच्या गाडीत ते ड्रायव्हरलाच सांभाळावे लागे, कारण आग कमी-जास्त झाली की गॅसचा कस बदले. चढ आला, दांडा थोडा इकडे. आवाज फुटला, थोडा तिकडे. हे काम डोळ्याने नव्हे, कानाने चाले. जुन्या ड्रायव्हरांचा कान तयार असे म्हणतात त्यात तथ्य आहे.

एवढे करूनही ताकद पेट्रोलच्या मानाने निम्मी ते साठ टक्के. कारण सोपे आहे. कोळशाला दिलेल्या हवेतला नायट्रोजन जसाच्या तसा गॅसमध्ये येतो आणि गॅसचा निम्म्याहून अधिक भाग तोच असतो. वर मिसळलेल्या हवेतही चार पंचमांश नायट्रोजनच. सिलिंडरभर श्वास घेऊन त्यात जळण्याजोगे फार थोडे. चढावर प्रवाशांनी उतरून चालायचे, वेळ पडली तर ढकलायचे, हे त्या पिढीच्या आठवणींत सगळीकडे आढळते. एक लिटर पेट्रोलचे काम करायला सुमारे सव्वा ते दीड किलो कोळसा लागे, आणि तो कोळसा जंगल तोडूनच यायचा. या खर्चाचा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही.

खरी कसोटी गाळणीची होती. रस्त्यावरची धूळ परवडली, अशी राख आणि कोळशाची भुकटी गॅसबरोबर येई. ती काढायला आधी गॅस एका उभ्या नळकांड्यात गरगर फिरवत, म्हणजे जड कण कडेला जाऊन खाली पडत; मग कापड, काथ्या किंवा तेलात भिजवलेल्या जाळीतून गाळत. हे सारे रोज साफ करावे लागे. एक दिवस चुकला की पहिल्यांदा ताकद जाई, कारण गाळणी चोंदली. आणि चोंदलेली गाळणी काढून टाकून गाडी पळवली, तर काही आठवड्यांत रिंगा जात. युद्धाच्या काळात नव्या रिंगा मिळणे सोपे नव्हते. अनेक गाड्या पेट्रोलअभावी नव्हे, तर गाळणीच्या कंटाळ्यापायी निकामी झाल्या असाव्यात, असे आम्हाला वाटते.

याहून मोठा धोका माणसांना होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बंद छपराखाली टाकी पेटवणे किंवा थंडीच्या दिवसांत तिच्या उबेला बंद गाडीत झोपणे हे जीवावर बेतणारे होते. युद्धकाळात स्वीडनमध्ये अशा सत्तर हजारांवर गाड्या होत्या आणि तिथल्या डॉक्टरांपुढे या विषबाधेचा मोठाच प्रश्न उभा राहिला होता. आपल्याकडे ड्रायव्हर-क्लीनरच्या डोकेदुखीची नोंद ठेवायला कोण होते? पेट्रोल पुन्हा मिळू लागल्यावर त्या टाक्या भंगारात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ते कसबही गेले.

कागद आला

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींत घड्यांच्या कागदाची कोरडी गाळणी रुळली. आपल्याकडे जीप आणि ट्रॅक्टर तेलाच्या गाळणीवर बरीच वर्षे चालले. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि घराघरातल्या माणसाला कागदी गाळणी बदलण्याची ओळख झाली. घड्या कशासाठी, हा प्रश्न सातवीतल्या मुलांना जरूर विचारा. वहीच्या आकाराच्या डब्यात कागदाच्या घड्या केल्या की कितीतरी पट मोठे क्षेत्रफळ मावते. हवा तेवढ्याच वाटेने जाते, पण सावकाश. आपल्या फुप्फुसातही हीच युक्ती आहे.

कागदी गाळणीची एक गोष्ट पटकन पटत नाही: थोडी मळलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षा चांगली गाळते. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणी बनतो. म्हणून दर आठवड्याला ती काढून आपटणे, झटकणे हा उत्साह कामाचा नाही. प्रत्येक वेळी कडेचे रबर थोडे सैल होते आणि बाजूने न गाळलेली हवा शिरायला फट मिळते. आमच्यापैकी एकाने उमेदीच्या काळात अशी गाळणी साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवली होती. दिसायला ती नव्यासारखी झाली. दिव्यासमोर धरली तेव्हा घड्यांच्या टोकाशी चांदण्या दिसल्या. हवा मारायचीच तर आतून बाहेर, म्हणजे धूळ आली त्याच्या उलट दिशेने आणि बेताच्या दाबाने मारावी. भोक दिसले की गाळणी फेकून द्यावी.

गाळणी चोंदल्यावर पेट्रोल जास्त जळते, असे आपण सगळेच सांगत आलो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खरे होते. नव्या गाड्यांत हवा किती आली हे मोजून संगणक तेवढेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये अशा गाड्या तपासल्या, तेव्हा चोंदलेल्या गाळणीने पेट्रोलचा खर्च फारसा बदलला नाही, वेग घेण्याची ताकद तेवढी घटली. आपले जुने ज्ञानही अधूनमधून दिव्यासमोर धरून पाहावे लागते ते असे.

अलीकडे कॉलेजची मुले काळा डबा काढून टाकून त्या जागी उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी बसवतात. गाडी गुरगुरते आणि ताकद वाढली असे वाटते. त्यांना रागावण्यापेक्षा एक गणित घालावे. डब्याची नळी बाहेरची हवा आणते. समजा ३० अंशांची. उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. समजा ६० अंशांची. केल्व्हिनमध्ये ३०३ आणि ३३३. दाब तोच असेल तर गरम हवा सुमारे नऊ टक्के विरळ. म्हणजे आवाज वाढला आणि श्वासातला प्राणवायू कमी झाला. डबा हा निव्वळ डबा नसतो, आवाज मारणे हेही त्याचे काम आहे. आवाज ऐकू आला याचा अर्थ ते काम बंद पडले, एवढाच.

श्वासाचे तोंड कुठे ठेवायचे, हे ट्रॅक्टर बनवणाऱ्यांना मात्र पक्के ठाऊक आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर छत्री घातलेले नळकांडे उभे दिसते. काचेच्या दोन पट्ट्यांना व्हॅसलिन लावा, एक रस्त्याकडेला घोट्याएवढ्या उंचीवर आणि दुसरी डोक्याएवढ्या उंचीवर दिवसभर टांगून ठेवा, संध्याकाळी भिंगाखाली कण मोजा. ते नळकांडे उंच का, हे मुले स्वतःच सांगतील. पुरात ट्रॅक्टर सर्वांत शेवटपर्यंत चालतात त्यालाही ही उंची उपयोगी पडते, जरी चाके बुडाल्यावर पाण्याच्या ओढीपुढे कोणत्याच वाहनाचे चालत नाही.

मोटारीचे हे तोंड बहुधा पुढच्या जाळीमागे असते, थंड हवेसाठी. म्हणजे नेमके पाणी पहिल्यांदा पोचते तिथे. आणि पाणी पोचले की काय होते, यासाठी शेवटचा हिशेब. एका मोटारीचे डिझेल इंजिन सुमारे १,२५० घन सेंटिमीटरचे, सिलिंडर चार. एका सिलिंडरात ३१२ घन सेंटिमीटर. दट्ट्या वर आला की एवढी हवा दाबून जवळजवळ सतरा-अठरावा भाग जागेत बसवतो. उरते फक्त १९ घन सेंटिमीटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची दोन टोपणेसुद्धा नाही. त्याहून जास्त पाणी आत असेल तर दट्ट्याला वर जायला जागाच नसते. हवा दबते, पाणी हजार वातावरणांच्या दाबाखालीही जेमतेम चार-पाच टक्के दबते. सुई काढलेली इंजेक्शनची नळी घेऊन, टोक अंगठ्याने बंद करून, आधी हवा आणि मग पाणी दाबायला द्या. मुलांच्या हातालाच फरक कळेल.

चालत्या इंजिनात पाणी शिरले तर मागून फिरत्या चाकाचा सगळा जोर दट्ट्यावर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या इंजिनात ते नुसते साचून राहते, काही बिघडत नाही. बिघडते ते किल्ली फिरवल्यावर. सेल्फच्या जोराने कधी इंजिन फक्त अडते; पण एका सिलिंडरात पाणी आणि शेजारच्या कोरड्या सिलिंडरात ठिणगी पडली, तर शेजारी या बिचाऱ्याला पाण्यावर आपटतो. मिस्त्रींचा तो एकच प्रश्न यासाठी होता.

आम्ही होतो तेव्हा त्यांनी एक पेट्रोलची गाडी घेतली. गाळणी चिंब होती, पण मालकाने किल्ली फिरवलेली नव्हती. शेजारच्याने पुराच्या पाण्यातून ओरडून सांगितले म्हणून, असे तो म्हणाला. चारही प्लग काढले. सेल्फला हात न लावता खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, इंचाइंचाने फिरवायला सुरुवात केली. पोरे वाकून बघत होती, त्यांना मागे सारले. पहिल्या भोकातून काही नाही. दुसऱ्यातून थोडी वाफेसारखी ओल. तिसऱ्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट मालकाच्या सदऱ्यावर, आणि त्या रांगेत सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी हसले.